कशावरून नाही, कधीपासून

(वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं)

प्रश्न : नमस्कार ताई. मी ३६ वर्षांचा, पिंपरीला राहतो, आयटीत आहे. देव मानत नाही, कॉलेजात असल्यापासून अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यक्रमांना जायचो. जानेवारीत बाबांची बायपास झाली, साडेपाच तास चालली, सर्जन आणि त्यांच्या टीमने जीव तोडून काम केलं, बाबा आता रोज सकाळी चालायला जातात. पण आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, तुळजाभवानीने कुंकू राखलं. ऑपरेशन चालू असताना तिने नवस बोललेला, आता सगळ्यांनी मिळून फेडायला जायचं म्हणते. परवा माझा तोल गेला, म्हटलं मग साडेसहा लाख देवीलाच द्यायचे होते, डॉक्टरला कशाला दिले. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. त्यात माझी सात वर्षांची मुलगी विचारते, पप्पा, देव खरंच आहे का? ताई, माझी आई बीए आहे, बँकेत नोकरी केलीये तिने. शिकलेली माणसं कशावरून देव मानतात? आणि मी तुळजापूरला जाऊ का नको?

उत्तर : जा. गाडी तूच चालव. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू.

तुझ्या पत्रातला 'कशावरून' मला जरा अडला. माझा फार वापरातला शब्द आहे तो, ३४ वर्षं गणित शिकवलं मी, फळ्यासमोर पोरगं उभं केलं की पहिला प्रश्न हाच, कशावरून? पण माणसाला त्याच्या देवाबद्दल असं विचारलं ना की तो गडबडतो आणि काहीतरी उसनं कारण पुढे करतो, एवढं विश्व कुणीतरी बनवलंच असेल की, मोठेमोठे सायंटिस्टपण मानतात, असलं काहीतरी, जे त्याचं स्वतःचं कारण नसतंच मुळी, आणि मग आपण ते दोन मिनिटांत खोडून काढतो आणि आपल्याला वाटतं जिंकलो. मी हल्ली 'कधीपासून' विचारते. कधीपासून मानता? मग माणूस खुर्ची ओढून बसतो आणि सांगायला लागतो.

हे मला शिकवलं किल्लारीच्या भूकंपाने. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गावोगावी गणपती विसर्जन करून लोक उशिरा येऊन झोपलेले. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, उन्हाळ्यात गारेगार, पण त्या पहाटे तेच सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. मी तेव्हा २६ वर्षांची, औसा तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत नवीन होते, पुढे कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लोकांची नावं लिहून घेणं, धान्य मोजून देणं, पोरांना गोळा करून बसवणं, असली कामं केली.

त्या शेडच्या रांगेत दोन दारं शेजारी-शेजारी होती. एकात गणेश मंडळाचा कार्यकर्ता. विसर्जनाहून दमून आला आणि घरात गरम होतंय म्हणून बाहेर ओट्यावरच आडवा झाला, तेवढ्याने वाचला. बायको आणि दोन लेकरं आत होती. त्याने नंतर देवाचं नाव घेतलं नाही, ढिगाऱ्यात सापडलेली भवानीची तसबीर पण शेजारणीला देऊन टाकली. ती शेजारीण म्हणजे साठीतली एक मावशी, तिचा एकुलता एक मुलगा गेलेला. तिने शेडमध्ये चूल मांडायच्या आधी देव मांडले, बिस्किटाच्या रिकाम्या डब्यावर, त्यातच त्या माणसाची भवानी. मी तेव्हा अकलेने कच्ची, विचारून बसले, मावशी, पोरगा गेला तरी? ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "आन मग भांडावं कुनासंगं, बाई?"

आता सांग, एकच पहाट, एकच गल्ली, आणि त्याला कळलं देव नाही, हिला कळलं देव असलाच पाहिजे. पुरावा म्हणून बघायला गेलं तर दोघांचाही टिकत नाही, म्हणजे वाचलेल्याने देवाचे आभार मानायचे तर मेलेल्यांचं काय, हा प्रश्न कुणालाही पडेल आणि पडावाच. पण ती मावशी आभार मानत नव्हतीच रे. रोज संध्याकाळी दिवा लावून ती देवीला शिव्या घालायची, मोठ्याने, मी ऐकल्यात. आणि आपल्याकडे हे काही नवीन नाही, जनाबाईने विठ्ठलाला कारट्या म्हटलंय, दुष्काळात घर धुऊन निघालेल्या तुकोबांनी तर काय काय सुनावलंय. देव मानणं म्हणजे हात जोडून गप्प बसणं असं तुम्हा लोकांना उगाच वाटतं.

आता तुझी आई. ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचे ते साडेपाच तास आठव. तुझ्या हातात फाईल होती, तू कॅशलेसच्या काउंटरवर भांडत होतास, फोन लावत होतास, रक्ताची सोय बघत होतास, म्हणजे तुला करायला काहीतरी होतं. ती त्या स्टीलच्या बाकड्यावर बसून काय करणार होती? तिने तिला येत होतं ते केलं. नवस हा प्रकार मला स्वतःला फारसा पटत नाही, त्यात सौदा वाटतो, पण त्या बाकड्यावर बसून तिने जे केलं त्याला सौदा म्हणायची माझी हिंमत नाही. आणि तिने डॉक्टरांना पेढे दिले का नाही? दिलेच असणार, आठवून बघ. तिच्या डोक्यात डॉक्टर आणि देवी यांचं भांडण नाहीये, ते तुझ्या डोक्यात आहे.

अंनिसचं म्हणतोस तर त्यांची भूमिकापण नीट आठव. विरोध देवाधर्माला नाही, देवाधर्माच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीला, असंच दाभोलकर शेवटपर्यंत सांगत राहिले. उद्या कुणी महाराज येऊन तुझ्या आईला म्हणाला की गोळ्या बंद करा, अंगारा द्या, तर खुशाल आवाज चढव, माझंपण नाव सांग. ओटी भरायला तुळजापूरला जाणं हे त्यातलं नाही.

तर जा. सोलापूर सोडलं की पुढे साधारण ४५ किलोमीटर. हात जोडायचे नसतील तर नको जोडू, आईला आधीच सांगून ठेव, मी येतो पण पाया पडणार नाही, चिडेल पण समजेल. तिथे चिंतामणी म्हणून गोल दगड आहे, त्यावर हात ठेवून मनात प्रश्न धरायचा, तो उजवीकडे फिरला तर हो आणि डावीकडे फिरला तर नाही असं मानतात, तिथे तू हसणार हे मला दिसतंय, निदान तिच्यासमोर नको. आणि जाताना हायवेवर, बाबा मागे झोपले की, आईला विचार, कधीपासून गं मानतेस तू? मला खात्री आहे, बँकेतल्या बाईच्या पोटात एखादी गोष्ट असणार जी तुला ३६ वर्षांत कळलेली नाही, एखादं बाळंतपण, एखादं गेलेलं मूल, बदलीच्या गावातली एखादी रात्र, किंवा नुसतंच तिच्या आईच्या स्वयंपाकघरातला देव्हारा, काहीही असेल.

मुलीला खरं ते सांग. मी मानत नाही, आजी मानते. पुढचं तिने विचारलं की आजीकडे पाठव.

प्रश्न : मी नागपूरची, बौद्ध कुटुंबातली, शिकायला पुण्यात होस्टेलवर आहे. रूममेट विचारतात, तुमच्यात देव नाही ना, मग टेन्शन आलं की तुम्ही कुणाला सांगता? त्या वाईट हेतूने विचारत नाहीत, पण मला उत्तर सुचत नाही आणि कधी कधी वाटतं आपल्याकडे खरंच काहीतरी कमी आहे का.

उत्तर : कमी काही नाही गं. प्यू रिसर्च सेंटरने भारतातल्या जवळपास ३० हजार लोकांशी बोलून २०२१ मध्ये एक अहवाल काढला, त्यात ९७ टक्के लोक देव मानतो म्हणाले, पण बौद्धांमध्ये तीनातला एक जण सरळ नाही म्हणाला. म्हणजे तू एकटी नाहीस, आणि बाकीचे दोन मानतात म्हणाले, तेपण बौद्धच आहेत, त्यामुळे तुझ्याच घरात दोन्ही प्रकार सापडले तर दचकू नकोस.

आणि वर मी त्या पिंपरीच्या मुलाला 'कधीपासून'चं जे सांगितलं ना, ते तुला सगळ्यात जास्त लागू आहे. आम्हाला कुणालाच तारीख सांगता येत नाही. तुला येते. १४ ऑक्टोबर १९५६, आणि गाव तुझंच. बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा देताना २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही ही. ज्यांना त्या देवाच्या देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांनी तो देव परत केला, यात कमी काय आहे? तुझ्या घरातलं कोण होतं त्या दिवशी तिथे, आजी, पणजोबा? फोन करून विचार आणि मग रूममेटना ती गोष्ट सांग. टेन्शनचं म्हणशील तर वंदना म्हण, नाहीतर आईला फोन लाव, त्या रूममेटपण देवाच्या आधी आईलाच फोन लावत असणार, बघ लक्ष ठेवून.

प्रश्न : मला देव फक्त परीक्षेच्या वेळी आठवतो, एरवी नाही. हे ढोंग आहे का? (इयत्ता दहावी)

उत्तर : छे. आमच्या शाळेशेजारी मारुती होता, त्याला गणिताच्या पेपरच्या दिवशी जेवढं तेल मिळायचं तेवढं शनिवारीसुद्धा मिळायचं नाही. मराठीच्या पेपरला कुत्रं फिरकायचं नाही तिकडे. तुझा कुठल्या विषयाला आठवतो ते कळव, त्या विषयाचा अभ्यास कुठून सुरू करायचा ते मी सांगते.