वाचकांचे प्रश्न: ह्यांची सोशल सिक्युरिटी आत्ताच सुरू करायची का?

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही न्यू जर्सीत असतो. ह्यांना मार्चमध्ये ६४ पूर्ण झाली, मी ६१ ची. हे अजून फुलटाइम नोकरी करतायत पण रोज संध्याकाळी एकच विषय, सोशल सिक्युरिटी (अमेरिकेतलं सरकारी पेन्शन) आत्ताच सुरू करून टाकू, उद्याचं कोणी बघितलंय, शिवाय सरकारकडचे पैसे संपत चाललेत म्हणतात. ह्यांना ६७ ला महिना ३,००० डॉलर दाखवतंय आणि मला १,०००, मुलं लहान असताना मी घरीच होते ना, मोजून १४ वर्षं नोकरी. काय करावं?

उत्तर: ताई, मिस्टरांना आधी हे सांगा की फुलटाइम पगार चालू असताना ६४ ला क्लेम करण्यात तसाही काही दम नाही. २०२५ ची मर्यादा होती २३,४०० डॉलर, पगार त्याच्या वर गेला की वरच्या दर २ डॉलरमागे १ डॉलर बेनिफिटमधून अडवतात. ते पैसे बुडत नाहीत, ६७ नंतर चेक वाढवून देतात, पण मग घाई कशासाठी?

आता खरा मुद्दा. ६७ ऐवजी ७० ला घेतलं तर सोडलेले पैसे साधारण साडेब्याऐंशीव्या वर्षी वसूल होतात, आणि हे ऐकलं की नवरे लगेच म्हणतात "मी कुठे तेवढा जगतोय". अहो पण हा हिशोब एकट्या माणसाचा झाला! जोडप्यात एक जण गेला की लहान चेक बंद होतो आणि मोठा चेक मागे राहिलेल्याला चालू राहतो, म्हणजे मिस्टरांचा चेक तुमच्या दोघांत जो शेवटपर्यंत जगेल त्याच्यापर्यंत जाणार, आणि तुम्ही तर ३ वर्षांनी लहान.

तुमचेच आकडे घेऊ, महागाईची वाढ बाजूला ठेवून. तुम्हा दोघांचं पूर्ण वय, म्हणजे ज्या वयाला कट न होता पूर्ण रक्कम मिळते ते, ६७. मिस्टरांनी ६४ ला घेतलं तर २० टक्के कट, २,४०० मिळणार. ६७ नंतर थांबलं की वर्षाला ८ टक्के वाढतं, ७० ला ३,७२०. उद्या ते आधी गेले तर पहिल्या केसमध्ये तुम्हाला २,४७५ (कायद्याने त्यांच्या मूळ, म्हणजे ६७ च्या रकमेच्या साडेब्याऐंशी टक्के तरी मिळतातच), दुसऱ्या केसमध्ये ३,७२०. महिन्याला १,२४५ चा फरक, आणि तो तुम्ही एकट्या असताना. न्यू जर्सीतला प्रॉपर्टी टॅक्स काही तेव्हा अर्धा होणार नाही.

तुम्ही मात्र थांबायलाच हवं असं नाही. पुढच्या वर्षी ६२ ला स्वतःचं सुरू केलंत तर ७०० मिळतील (तुमची नोकरी असेल तर मर्यादा तुम्हालाही लागू). मिस्टर ७० ला क्लेम करतील तेव्हा तुम्ही ६७ च्या असाल, मग बायको म्हणून त्यांच्या ३,००० चे निम्मे १,५०० वजा तुमचे मूळ १,०००, असे ५०० वर मिळून १,२०० होतील. निम्मे हे ३,००० चेच बरं का, ३,७२० चे नाही. आणि त्यांनी क्लेम केल्याशिवाय हे ५०० येत नाहीत, त्यांच्या थांबण्याची तेवढी किंमत तुम्ही मोजताय हे त्यांना जरूर ऐकवा. लवकर घेतल्यामुळे तुमचा स्वतःचा चेक कायमचा कमी होतो, पण ६७ नंतर विधवा म्हणून मिळणारी रक्कम त्यामुळे कमी होत नाही. कोणी सांगेल की आधी फक्त नवऱ्याच्या नावावरचं घे, स्वतःचं वाढू दे, तर ती युक्ती २०१५ च्या कायद्याने तुमच्या वयाच्या लोकांसाठी बंद झालीय.

पैसे संपण्याचं म्हणाल तर सोशल सिक्युरिटीचा फंड सांभाळणाऱ्या ट्रस्टींच्या २०२५ च्या रिपोर्टमध्ये २०३३ साल आहे, काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) काहीच केलं नाही तर. तेव्हाही टॅक्समधून ७७ टक्के देता येतील असा अंदाज आहे. आणि कपात झालीच तर ज्यांनी आधी घेतलं ते त्यातून सुटतील असं कुठे लिहिलंय?

हां, एक राहिलंच, चेक चालू नसेल तर ६५ ला मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आपोआप सुरू होत नाही. मिस्टरांचा कंपनीचा इन्शुरन्स मेडिकेअरऐवजी चालतो का ते एचआरला आत्ताच विचारा, उशीर झाला तर पार्ट बीचा (मेडिकेअरमधला डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) दंड आयुष्यभर भरावा लागतो.

प्रश्न: आम्ही दोघं आयटीत, दोघंही ६२, पगार जवळपास सारखेच. दोघांनी ७० पर्यंत थांबायचं का?

उत्तर: गरज नाही. पहिला गेला की एक चेक बंदच होणार, मग दोन्ही मोठे कशाला करायचे? ज्याचा आकडा थोडा जास्त त्याने थांबा, दुसऱ्याने नोकरी सुटली की घेऊन टाका. थांबणाऱ्याची तब्येत नरम असेल तरीसुद्धा हेच, कारण तो ६९ ला क्लेम न करताच गेला तरी तोपर्यंत वाढलेली रक्कम जोडीदाराला मिळते.