रिव्हर्सिंगची जुनी लाइन कुठे शोधायची?

प्रश्न : लहानपणी मुंबईला जाताना खंडाळा गेलं की आजी खिडकीतून बोट दाखवायची, इथे आगगाडी उलटी फिरायची म्हणे, तिच्या वडिलांनी पाहिलेलं. मी मुलाला ती जागा म्हणजे अमृतांजन पूल असंच सांगत आलो, पण तो तर २०२० मध्ये पाडला. आता काहीच उरलं नाही का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आजींचं अगदी बरोबर, पूल तेवढा चुकला. अमृतांजन पूल १८३० चा, रेल्वेच्याही आधीचा, तो गाडीरस्त्याचा पूल होता, त्यावरून आगगाडी कधी गेलीच नाही. हा घोटाळा खूप जणांचा होतो.

बोरघाटाची लाइन १८६३ ला सुरू झाली. चढ सदतिसाला एक, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, आणि खंडाळ्याच्या खाली डोंगरात वळायला जागाच नाही, म्हणून गाडी एका टोकाला नेऊन थांबवायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. तेच रिव्हर्सिंग स्टेशन. १९२९ ला नवीन बोगदे काढून लाइन सरळ केली आणि ते बंद पडलं.

शोधताना पूल नका शोधू, चढ शोधा. १९२९ आधीचा नकाशा मिळवा आणि मोबाइलवरच्या सॅटेलाइट फोटोशी लावून बघा. रस्ता गचकन वळतो, रेल्वे तशी वळू शकत नाही, त्यामुळे डोंगराच्या कुशीत एकसारख्या चढाची लांबलचक सपाट पट्टी दिसली, खाली घडीव काळ्या दगडाची भिंत किंवा मोरी असली, तर थांबून नीट बघा. जुन्या फोटोंत स्टेशनच्या मागे नागफणीचा सुळका दिसतो, ती खूण धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळलं की जा, पावसाळ्यात काही दिसत नाही. चालू रुळांवर मात्र अजिबात जायचं नाही, एक्स्प्रेसवेवर गाडीही थांबवायची नाही.

आणि मुलाला अ‍ॅलिस ट्रेडवेलबद्दल जरूर सांगा. या लाइनचा कंत्राटदार असलेला तिचा नवरा १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा परत न जाता तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि इंजिनिअर नेमून काम पुरं करून घेतलं. कामावर एका वेळी ४० हजारांहून जास्त मजूर होते, कॉलऱ्याने त्यातले कितीतरी गेले, त्यांची नावं कुठेच नाहीत. ती भिंत सापडली की तिच्या दगडांवर हात ठेवून बघा, छिन्नीचे घाव अजून लागतात हाताला.