रोजच्या डिझेल पिकअपला मोठा टर्बो बसवावा का?

माल भरून रोज घाट चढायचा असेल तर नकोच. मोठं टर्बाइन (टर्बोतलं धुराच्या जोराने फिरणारं चाक) वेग घ्यायला वेळ लावतं. कात्रजच्या वळणावर आरपीएम 1500 वर आले की बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेली हवा) मिळत नाही, गाडी दम टाकते आणि काळा धूर सोडते. कंपनीच्या मापाचाच टर्बो घ्या. मूळ व्हीजीटी (हलत्या पात्यांचा टर्बो) असेल तर तोच ठेवा, ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक त्याच्याच हिशेबाने चालतो. कमी आरपीएमला व्हीजीटीच्या पात्या धुराची वाट अरुंद करतात, म्हणून ओढ खालूनच येते. काजळीने त्या अडकतात, तेवढी काळजी घ्या.

टर्बो बदलण्याआधी इंटरकूलरचे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज मात्र नक्की तपासा. क्लॅम्पपाशी ताजं तेलकट काळं दिसलं, तर बहुतेक बूस्ट तिथूनच गळतोय. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा: आडवा किंचित हलला तर चालतं, लांबीच्या दिशेने पुढे-मागे खेळ जाणवला तर टर्बो गेलाच.