रोजच्या धकाधकीत दयाळूपणाचा काही उपयोग होतो का, की लोक फक्त फायदा घेतात?

फायदा घेतात, खोटं कशाला बोलू? एका सहकारी बाईंना पाच हजार उसने दिले होते. पैसे गेले ते गेलेच, आता त्या लोकलच्या डब्यात दिसल्या तरी खिडकीबाहेर बघतात. पण ते मी उधारीच्या खात्यात धरते, दयेच्या नाही. परत येण्याची वाट बघत होतेच की मी!

दयाळूपणा म्हटलं की मला मुंबईतला २६ जुलै २००५ चा मंगळवार आठवतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही नाही. त्यामुळे फोर्टातल्या आमच्या ऑफिसात कुणाला पत्ताच नव्हता. गाडी वांद्र्यापाशी बंद पडली. दोन अनोळखी मुली आणि मी, एकमेकींचे हात घट्ट धरून चालायला लागलो. पाणी कमरेच्या वर. एका उघड्या गटाराशी एक पोरगा बांबू रोवून उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला "डावीकडून, डावीकडून!" ओरडत होता. ओरडून ओरडून घसा बसला होता त्याचा.

अंधार पडल्यावर एका चाळीच्या गॅलरीतून हाक आली, "वर या गं पोरींनो." दहा बाय बाराच्या खोलीत आमच्याआधीच सात-आठ जणी. मावशींनी चहा दिला, तोही पाळीपाळीने, कारण पेले चारच होते. मला त्यांचा एक फुलाफुलांचा गाऊन मिळाला. फोन लागत नव्हते. त्या रात्री कुणी कुणाला नाव, गाव, जात काही विचारलं नाही.

हे न विचारणं मला फार मोलाचं वाटतं. रस्त्यावर अपघात झाला की लोक बघत उभे राहतात, ते सगळेच काही निर्दयी नसतात. "नाव-पत्ता लिहा, साक्षीला या" याची धास्ती असते. म्हणून जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केलं, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला दवाखान्यात पोचवून नाव न सांगता निघून जायची आता मुभा आहे. हे निदान घरातल्या कॉलेजच्या मुलांना तरी सांगून ठेवा. वेळेला तेवढंच आठवलं तरी पाय मागे घेतला जात नाही.

बाकी रोजचं म्हणाल, तर लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथीला बसता यावं म्हणून जरा सरकून घेणं. त्यात काही थोरवी नाही, पण विरारपर्यंत उभं राहिलेल्या बाईला विचारून बघा.

तो गाऊन धुऊन, इस्त्री करून मी पंधरा दिवसांनी परत द्यायला गेले. सोबत पेढ्यांचा पुडा. मावशींनी दार उघडलं, माझ्याकडे बघत राहिल्या. ओळखलंच नाही! मी त्या रात्रीचं सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "अगं, किती जणी आल्या-गेल्या, कुठे लक्षात ठेवू?" मग गाऊन उलगडून बघितला आणि म्हणाल्या, "हा होय! मी घरभर शोधत होते."