जुनी गाडी रोखीने की नवी गाडी कर्जावर? एका ताईंच्या प्रश्नाचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आणि तुमचे मिस्टर दोघेही नोकरी करता, बचत हाताशी आहे आणि आता गाडी हवी आहे. एक पर्याय म्हणजे नवी गाडी काढायची. त्यात किमतीच्या २० टक्के आत्ता भरायचे आणि उरलेल्या ८० टक्क्यांचं सात वर्षांचं कर्ज घ्यायचं, १० टक्के व्याजाने. याचा हप्ता दोघांच्या मिळून पगाराच्या सहाव्या हिश्शाइतका येतो. घरखर्चाला पगाराचा दोन तृतीयांश भाग लागतो. दुसरा पर्याय म्हणजे नऊ वर्षं वापरलेली एक गाडी, नव्या गाडीच्या ३० टक्के किमतीत, पूर्ण रोख देऊन. एकूण बचत नव्या गाडीच्या ४५ टक्के इतकी आहे. थोरले दीर म्हणतात, जुनी गाडी म्हणजे विकतचं दुखणं. तुम्हाला कर्ज नकोसं वाटतं आणि घरात यावर एकमत होत नाही.

माझं मत आधीच सांगते. कर्जाबद्दलचं तुमचं वाटणं बरोबर आहे आणि जुनी गाडी घ्यावी असंच मी म्हणेन. पण आत्ता, या बचतीतून, या किमतीला नको. आणखी पाच महिने थांबा. का, ते आकड्यांतून बघू.

सोयीसाठी नव्या गाडीची किंमत १०० धरू. ८० चं कर्ज, सात वर्षं, १० टक्के व्याज; म्हणजे महिन्याचा हप्ता साधारण १.३३. सात वर्षांत कर्जापोटी जवळपास ११२ भराल, त्यातले सुमारे ३२ निव्वळ व्याजाचे. आधी दिलेले २० मिळवले की गाडी १३२ ला पडली. सात वर्षांनी ती ३५ ला विकली गेली असं धरू, म्हणजे ९७ गेले. वर्षाला २ सर्व्हिसिंग आणि किरकोळ कामांचे धरले तर एकूण ११० च्या आसपास. इंधन आणि विमा मी दोन्हीकडून वगळलाय. जुनी गाडी इंधन थोडं जास्त पिते, पण नव्या गाडीचा विमा महाग असतो.

आता जुनी गाडी. घेतली ३० ला, सात वर्षांनी ५ ला गेली, म्हणजे २५ गेले. दुरुस्ती-देखभालीला वर्षाला ५ धरा, नव्या गाडीच्या अडीचपट. एकूण ६० होतात. सात वर्षं टिकली नाही, चार वर्षांत १० ला विकून तशीच दुसरी घ्यावी लागली आणि तीही पुढे तीन वर्षांनी १२ ला विकली, तरी हिशेब ७३ वर थांबतो. जुनी गाडी नव्या गाडीइतकी महाग पडायला तिच्या दुरुस्तीवर दरवर्षी १२ खर्च व्हावे लागतील, म्हणजे तिच्या खरेदीच्या किमतीच्या ४० टक्के, तेही न चुकता सात वर्षं. पारखून घेतलेल्या गाडीवर एखाद्या वर्षी एवढा खर्च होऊ शकतो, पण सातही वर्षं नाही. विक्रीच्या आणि दुरुस्तीच्या रकमा मी धरलेल्या आहेत, तुमच्याकडचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा. दोन्हींतला फरक इतका मोठा आहे की आकडे थोडे हलल्याने उत्तर बदलणार नाही.

तरीही दिरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांना खुपतंय ते खरं आहे, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. हप्ता महाग असतो, पण तो ठरलेल्या तारखेला ठरलेलाच येतो. जुनी गाडी स्वस्त असते, पण तिचा खर्च ठोकळ्याने येतो. आठ महिने काहीच नाही, मग एकाच महिन्यात क्लच, टायर आणि एसीचा कॉम्प्रेसर. ज्या घरात हा ठोकळा पेलायची सोय नसते तिथे तो क्रेडिट कार्डावर जातो, त्यावर कर्जाच्या कितीतरी पट व्याज चढतं आणि मग खरोखरच विकतचं दुखणं होतं. म्हणून तुमच्या बाबतीत जुनी की नवी यापेक्षा, गाडी घेतल्यावर हातात किती उरतं, हा प्रश्न मोठा आहे.

तो आकडा बघा. हप्ता १.३३ आणि तो पगाराचा सहावा हिस्सा, म्हणजे महिन्याचा पगार ८, घरखर्च ५.३. बचत ४५. त्यातून गाडीला ३० गेले. जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत जी कामं करून घ्यावीच लागतात (त्यावर पुढे बोलते), ती आणि नाव बदलण्याचा, विम्याचा खर्च मिळून ५ धरा. उरले १०. म्हणजे दोन महिन्यांचाही घरखर्च नाही. एवढ्या पातळ गादीवर मी कोणालाही जुनी गाडी घ्या म्हणणार नाही. दोघांच्या नोकऱ्या वेगवेगळ्या ठिकाणी आहेत म्हणून तीन महिन्यांच्या घरखर्चाला, म्हणजे १६ ला, हात लावायचा नाही, एवढंच मी मागते. एकट्याची कमाई असती तर सहा महिने म्हटलं असतं. ४५ मधून १६ बाजूला काढले की गाडीसाठी सगळं मिळून २९ उरतात आणि लागतात ३५.

हे ६ जमवायला कर्ज नको. पुढच्या महिन्यापासून १.३३ चा तो हप्ता स्वतःलाच भरायला लागा, वेगळ्या खात्यात, पगार आला की त्याच दिवशी. पाच महिन्यांत साडेसहाच्या वर जमतील. यात एक फायदा असा की हा हप्ता तुम्हाला खरंच झेपतो का, तेही कळेल. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच ओढाताण झाली, तर नव्या गाडीचं कर्ज सात वर्षं कसं झेपलं असतं याचं उत्तर घरातल्या सगळ्यांना वाद न घालता मिळेल. तोवर तुम्ही बघून ठेवलेली गाडी दुसऱ्या कोणी विकत घेतली तर जाऊ द्या. नऊ वर्षं जुनी गाडी दुसरी मिळते. आणि थांबणं शक्यच नसेल, तर २३-२४ च्या आतली गाडी शोधा, ३० ची नको.

आता जिथे बहुतेकांचा हिशेब फसतो ती जागा. जुनी गाडी घेतली, कर्ज टळलं, आणि वाचलेला हप्ता घरात विरून गेला. वर्षभराने टायमिंग बेल्टचं (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणाऱ्या पट्ट्याचं) काम निघालं तेव्हा खात्यात काही नाही. असं झालं तर जुन्या गाडीचा सगळा फायदा कागदावरच राहतो. म्हणून गाडी आल्यानंतरही १.३३ चालूच ठेवायचे, वर्षाला १६. दुरुस्तीला सरासरी ५ गेले तरी ११ साठतात. तीन वर्षांत ३३, म्हणजे आत्ताच्या गाडीच्या किमतीहून जास्त. तेव्हा आहे ती गाडी विकून आणि हे पैसे घालून चार-पाच वर्षंच वापरलेली चांगली गाडी रोखीने घेता येईल, आणि कर्जाच्या वाटेला पुन्हा कधी जावं लागणार नाही. मला या सगळ्या बेतातली ही गोष्ट सर्वात मोलाची वाटते. तेवढं जमणार नसेल तर जुन्या गाडीचा माझा सल्ला मी मागे घेईन.

कर्जवाल्यांकडून अजून दोन गोष्टी ऐकायला मिळतील. एक, ‘हप्ता कमी करून देतो, मुदत वाढवा.’ हेच ८० पाच वर्षांत फेडले तर व्याज २२ होतं, सात वर्षांत ३२. शिवाय सात वर्षांच्या कर्जात पहिल्या दोन वर्षांत तुम्ही ३२ भरलेले असता आणि मुद्दल कमी झालेलं असतं साडेसतराने. गाडीची किंमत मात्र सर्वात वेगाने याच काळात उतरते. त्यात नोकरी बदलली, गाव बदललं आणि गाडी विकायची वेळ आली तर हातात फारसं काही येत नाही. दोन, ‘फ्लॅट रेट.’ १० टक्के फ्लॅट म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज. पाच वर्षांच्या कर्जात तो दर घटत्या शिलकीच्या हिशेबाने १७ टक्क्यांच्या वर जातो. वापरलेल्या गाडीच्या कर्जात हा प्रकार विशेष विचारून घ्या. त्या कर्जाचे दर तसेही नव्या गाडीपेक्षा चढेच असतात.

गाडी पारखण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पैशाच्या दृष्टीने खरी कमाई किंवा बुडीत तिथेच ठरते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं की विकणाऱ्याला गाडीची खोट माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा चांगल्या गाड्या बाजारातून मागे हटतात आणि खराब गाड्या उरतात. २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक. घेणाऱ्याच्या हातात यावर एकच उपाय आहे, माहितीची दरी बुजवणं. तेव्हा मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको, आणि त्याला तपासणीचे वेगळे पैसे द्या. गाडी घ्या म्हटलं तरी आणि नको म्हटलं तरी तेवढेच पैसे मिळणार असतील तरच तो मोकळेपणाने सांगेल.

इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. गाडी वर उचलून खालून बघायची. चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, आणि सांध्यांना लागलेला गंज हा एकच दोष असा आहे की ज्यावर मी किमतीची घासाघीससुद्धा करणार नाही, सरळ परत फिरेन. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर वयाने कडक होतं. चारही टायर बदलायचे असतील तर तेवढी रक्कम किमतीतून वजा मागा. स्कॅनर लावला की गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष दिसतात, आणि ते नुकतेच पुसले असतील तर तेही जाणत्या मेकॅनिकला कळतं. ओडोमीटरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसच्या पावत्यांवर जास्त विश्वास ठेवा. सलग पावत्या असलेली जास्त चाललेली गाडी, पावत्या नसलेल्या कमी चाललेल्या गाडीपेक्षा मला केव्हाही चालेल. आणि कागदपत्रांत आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा उतरलाय का, हे पैसे देण्याआधी बघा, नंतर नाही.

सुरुवातीच्या कामांसाठी जे मघाशी धरले ते यासाठी: ब्रेक ऑइल, कूलंट आणि इंजिन ऑइल सरसकट बदलायचं. बॅटरी तपासायची. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल आणि तो बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरून चालायचं. बऱ्याच इंजिनांत तो बेल्ट तुटला की पिस्टन वॉल्व्हवर आदळतात आणि थोडक्यातलं काम अख्ख्या इंजिनावर जातं.

सुरक्षिततेत मात्र काटकसर नको. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), किमान पुढच्या दोन एअरबॅग आणि शक्य असेल तर ईएससी, म्हणजे वळणावर घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, एवढं असलेलं मॉडेल निवडा, त्यासाठी एखाद्या वर्षाने कमी जुनी गाडी घ्यावी लागली तरी. तुमच्या दोघांपैकी कोणाला रात्रपाळीनंतर निर्मनुष्य रस्त्याने यायचं असेल किंवा गाडी बंद पडली तर नोकरीवर गदा येणार असेल, तर मला तसं कळवा. मग मी चार-पाच वर्षं जुनी गाडी आणि दोन-तीन वर्षांत फिटेल असं लहान कर्ज, असं मधलं काहीतरी सुचवेन. काही ठिकाणी ठरावीक वयानंतर गाडी रस्त्यावर आणता येत नाही किंवा नोंदणी वाढवायला जास्त शुल्क लागतं, तुमच्याकडचा नियम बघून गाडीची किती वर्षं हाती उरतात ते मोजा.

विम्यात दुसऱ्याच्या नुकसानीचं संरक्षण कायम पूर्ण ठेवा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग सुरुवातीची दोन-तीन वर्षं ठेवा. गाडी १० च्या खाली उतरली आणि दुरुस्तीच्या खात्यात तेवढे साठलेले असले, की तो सोडायला हरकत नाही. कर्जाच्या गाडीत ही मुभा कर्ज फिटेपर्यंत नसते.

शेवटचा तुमचा प्रश्न, दुरुस्ती करत राहायचं कुठवर. ‘बिल गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झालं की विका’ हा नियम मला पटत नाही. गाडीची बाजारातली किंमत ७ असेल आणि ८ चं काम करून ती आणखी तीन वर्षं नीट चालणार असेल, तर वर्षाला साधारण पावणेतीन पडले. एवढ्यात दुसरी गाडी मिळत नाही, काम करून घ्या. उलट ३ चंच काम असेल, पण मेकॅनिक म्हणतोय की गिअरबॉक्सही सहा महिन्यांत जाणार, तर तिथेच थांबा. दर वेळी पुढच्या दोन वर्षांचा एकूण खर्च त्याच्याकडून विचारून घ्या आणि तेवढ्याच काळात दुसरी गाडी कितीला पडेल त्याच्याशी तुलना करा. आतापर्यंत किती घातले, ते या हिशेबात धरू नका. आणि मोठ्या अपघातात एअरबॅग उघडल्या किंवा गाडी पुराच्या पाण्यात बुडाली, तर दुरुस्तीचं बिल काहीही येवो, ती गाडी ठेवू नका.