'कॅल्डी' म्हणजे नेमकी कोणती भाषा?

तुमचा प्रश्न असा आहे: १८३२ सालच्या एका अमेरिकन व्याकरणाच्या शीर्षकात भाषेचं नाव 'कॅल्डी' दिलंय. मराठीत त्याला खाल्डी म्हणायचं, खास्दी म्हणायचं, की आणखी काही?

भाषेबद्दल लिहीत असाल तर सरळ 'अरामी' लिहा; ती हिब्रूच्या नात्यातली, पश्चिम आशियातली जुनी भाषा. शीर्षक उद्धृत करताना 'कॅल्डी' तसंच राहू द्या. 'खास्दी' हे बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) लोकांचं नाव आहे, ते लोकांपुरतंच ठेवा.

हा घोळ बायबलमधल्या दानीएलाच्या ग्रंथातल्या एका वचनावरून झाला. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात खास्दी ज्ञानी राजाला उत्तर देतात आणि नेमका तिथेच मूळ मजकूर हिब्रू सोडून अरामीत शिरतो, तो सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत अरामीतच राहतो. बोलणारे खास्दी, म्हणून भाषाही खास्द्यांची, असा जुन्या पंडितांचा हिशोब. गंमत म्हणजे त्याच वचनात 'अरामीथ', म्हणजे 'अरामीत', असा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे! तरी शतकानुशतकं नाव चाललं ते 'कॅल्डी'च.

अमेरिकेत हे नाव अगदी सुरुवातीपासून दिसतं. हार्वर्डचं १६४३ साली छापलेलं वेळापत्रक बघा. गुरुवार पूर्वेकडच्या भाषांचा: आठ वाजता पहिल्या वर्षाला हिब्रू व्याकरण, नऊला दुसऱ्या वर्षाला कॅल्डी, दहाला तिसऱ्या वर्षाला सिरियाक. दुपारी दुसऱ्या वर्षाची पोरं एज्रा आणि दानीएल वाचायची, कारण बायबलमधली अरामी जवळजवळ सगळी त्या दोन ग्रंथांतच आहे. आणि सिरियाक तरी कोण? तीही अरामीचीच एक शाखा, लिपी मात्र वेगळी. म्हणजे नऊ आणि दहाच्या तासाला एकाच घरातल्या दोघी, पण आडनावं निराळी.

तुम्ही म्हणता ते पुस्तक इलायस रिग्जचं असावं. अँडोव्हरच्या धर्मविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला, पंचविशीही न गाठलेला तरुण. व्याकरणाचा भाग बहुतांशी विनर या जर्मन पंडिताचा, सोबत वाचनासाठी उतारे आणि शब्दसंग्रह. तेव्हाची अमेरिकन हिब्रू-अरामी विद्या बरीचशी जर्मन ग्रंथांवर पोसलेली होती, पण 'कॅल्डी' हे नाव मात्र अमेरिकेत आधीपासूनच रुळलेलं होतं. (त्याच १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने बेने इस्राएलांसाठी, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंसाठी, मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघायला मजा येईल.)

आता ते वचनच जवळून बघू. खास्द्यांच्या तोंडचे पहिलेच शब्द आहेत 'मलका, लआलमीन हेयी', म्हणजे 'महाराज, सदा जिवंत राहा'. हेच अभिवादन नहेम्याच्या ग्रंथात हिब्रूत येतं: 'हम्मेलेख लओलाम यिह्ये'. 'राजा' हा शब्द दोन्हीकडे मुळात तोच. पण 'तो अमुक राजा' असा निश्चितपणा दाखवायला हिब्रू शब्दाच्या पुढे 'ह' लावते, तर अरामी शेपटीला 'आ' जोडते: मेलेख, हम्मेलेख, मलका. अरबीत तोच 'अल्-मलिक'. 'लआलमीन'मधला 'ईन' हा अनेकवचनाचा, हिब्रूत त्या जागी 'ईम' येतो. म-ल-क हा धातू आपल्याला परका नाही. मालक, मुलूख आणि मलिक अंबरातला मलिक अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले ते त्याच मुळातून.

खास्दी की खाल्डी, हा फरक उच्चाराचा. हिब्रूत ते 'कस्दीम', म्हणून मराठी बायबलात 'खास्दी'. बाबेलच्या अक्कादी भाषेत 'स'च्या जागी 'ल' होऊन 'कल्दु' झालं, ग्रीकांनी ते रूप उचललं आणि लॅटिनमार्गे युरोपात खाल्डी-कॅल्डी पसरलं. दोन्ही बरोबर, वाटा वेगळ्या.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कीलाकार लिपी वाचता आली, बाबेलची स्वतःची अक्कादी भाषा समोर आली आणि 'कॅल्डी' नावाची पंचाईत झाली. ती कोशांच्या शीर्षकांतून दिसते. एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकाने गेसेनियस या जर्मन पंडिताचा हिब्रू कोश १८३६ साली इंग्रजीत आणला, त्याच्या शीर्षकात 'बायबलमधली कॅल्डी' आहे. त्याच कोशाच्या पायावर ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांनी नवा कोश रचला, तो १९०६ साली पूर्ण झाला. त्यातल्या पुरवणीचं नाव 'बायबलमधली अरामी'. सत्तर वर्षांत एक शब्द बदलला.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'खाल्डियन' हा शब्द मेलेला नाही. इराकमधून आलेल्या खाल्डियन कॅथलिक ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती आज डेट्रॉइटच्या आसपास आहे, आणि त्यांच्यातले बरेच जण घरी आधुनिक अरामी बोलतात, जिला ते स्वतः खाल्डियन म्हणतात. त्यांच्याविषयीच्या लेखात 'खाल्डियन' खोडून 'अरामी' करायला जाऊ नका. ते त्यांचं नाव आहे, रिग्जच्या पुस्तकातलं नव्हे.