नवा ग्रुप काढायचा, तर मत कुणाचं मोजायचं?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. आमच्या आणि आसपासच्या गल्ल्यांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सभासद सहाशेच्या वर. २०१९च्या महापुरानंतर नदीची पातळी आणि कोयनेचा विसर्ग सगळ्यांना वेळेत कळावा म्हणून तो निघाला. आता त्यात वाढदिवस, गुड मॉर्निंग, फ्लॅट भाड्याने देणे, राजकारण, सगळंच चालतं. काही जणांनी फक्त पुराच्या माहितीसाठी वेगळा ग्रुप काढावा असं सुचवलं. ॲडमिन काकांनी त्याच रात्री पोल टाकला. ‘हो’ १४३, ‘नाही’ ९६, बाकीचे गप्प. काका म्हणतात, बहुमत झालं, विषय संपला. विरोधक म्हणतात, सहाशेत १४३ म्हणजे कसलं बहुमत, उगाच ग्रुप फोडू नका. आमच्या गल्लीत दोन घरांचं बोलणं बंद झालंय. बरोबर कोण?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : काकांनी परस्पर ग्रुप न काढता सगळ्यांना विचारलं, हे फार चांगलं केलं. घाई मात्र झाली. सुचवलं कधी आणि पोल कधी, यात एक रात्रही गेली नाही. ग्रुपचं नाव काय, त्यात कोण लिहिणार, काय चालणार नाही, यातलं काहीच ठरलं नव्हतं. १४३ लोकांनी ‘हो’ म्हटलं ते नेमकं कशाला, हे त्यांनाही विचारून सांगता येणार नाही.

सभासदांचं मत घेऊन नवा ग्रुप काढायची रीत व्हॉट्सॲपच्या खूप आधीची आहे. १९७९ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना यूजनेटची कल्पना सुचली. विषयवार चर्चेचे ग्रुप, आणि एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर असे संदेश पुढे सरकत जगभर जायचे. नव्वदच्या दशकात मी तिकडे शिकायला होते, तेव्हा संध्याकाळी लॅब रिकामी झाली की सॉक.कल्चर.इंडियन.मराठी उघडून बसायची. मराठी असायची, पण रोमन अक्षरांत. घरापासून इतक्या लांब ती वाचताना जीव थाऱ्यावर यायचा.

तिथे मुख्य विभागांत नवा ग्रुप हवा असेल तर प्रस्ताव मांडणाऱ्याने आधी चर्चेचं पत्रक काढायचं. त्यात नाव, हेतू, काय चालेल आणि काय नाही, संदेश तपासायला कुणी असेल का, हे सगळं लिहायचं. त्यावर निदान तीन आठवडे चर्चा. मग मतदान, तेही तीन आठवडे ते महिनाभर. मतं ईमेलने जायची आणि मोजणारा स्वयंसेवक वादात नसलेला असायचा. ‘हो’ची मतं ‘नाही’पेक्षा किमान १०० जास्त हवीत, शिवाय एकूण मतांच्या दोन तृतीयांश हवीत. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच ग्रुप निघायचा. पडला, तर सहा महिने तोच प्रस्ताव परत आणता यायचा नाही.

तुमचा आकडा या मापात घालून बघा. २३९ मतांत १४३ म्हणजे ६० टक्क्यांच्या जरा आत, आणि फरक ४७चा. प्रस्ताव पडला. पण गप्प बसलेल्यांना तिथे कुणी मोजतच नव्हतं, त्यामुळे ‘सहाशेत १४३’ हा विरोधकांचा मुद्दाही तिथे चालला नसता.

ते नियम मात्र जसेच्या तसे गावभागात आणू नका. तेव्हा प्रत्येक ग्रुपचे संदेश हजारो ठिकाणच्या कॉम्प्युटरवर साठवावे लागायचे. डिस्क महाग, फोनचं बिल महाग, आणि तो खर्च दुसऱ्याच कुणाच्या तरी संस्थेच्या माथी. म्हणून उंबरठा उंच ठेवला होता. त्यामागची एक गोष्ट मात्र आजही घेण्यासारखी आहे. विषय आवडतो की नाही, हे ते मतदान विचारत नव्हतं. ग्रुप निघाला तर तो वाचायला आणि त्यात लिहायला पुरेशी माणसं आहेत का, एवढंच त्यातून बघायचं होतं. ‘मला गरज नाही’ म्हणून ‘नाही’ देणं बरं मानलं जात नसे. नाव दिशाभूल करणारं आहे, चालू ग्रुप त्याने उगाच मोडेल, असं काही कारण असेल तर ‘नाही’ द्यावं, असा संकेत होता. तो नेहमी पाळला जायचा असं नाही, भांडणंही व्हायची.

आता तुमच्या मूळ विषयाकडे येते, कारण मला तो ग्रुप हवासा वाटतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. माझी नणंद गावभागातून आमच्याकडे विश्रामबागेत आली होती, तिचे मिस्टर आणि दीर अजून वरच्या मजल्यावर अडकलेले. हातात मोबाइल, बॅटरी लाल झालेली, लाइट गेलेले. ती अंगठ्याने संदेश वर सरकवत होती. ‘काळजी घ्या’. जोडलेले हात. कुठल्या तरी जुन्या पुराचा व्हिडिओ. परत ‘काळजी घ्या’. त्या सगळ्याखाली कुणीतरी लिहिलेलं ‘५३’ सापडलं. शेजारी बाकी काही नाही. ५३ फूट कधी? सकाळी मोजलेलं, की सकाळचं कुणीतरी आत्ता पुढे पाठवलेलं? त्या एका आकड्यावरून तिला ठरवायचं होतं की दिराला बोट मागवायला सांगायचं, की थांबायला. त्या रात्री कुणीच वाईट हेतूने लिहीत नव्हतं, तरी आकडा गाडला गेलाच.

म्हणून मी सांगेन, झालेला पोल बाजूला ठेवा आणि पावसाळ्याच्या आत पुन्हा विचारा, पण आधी दोन आठवडे बोला. ग्रुपचा हेतू एका कागदावर मावेल एवढा लिहा. प्रत्येक संदेशात आकडा, मोजल्याची वेळ आणि तो कुठून मिळाला हे असलंच पाहिजे, हे त्यात सगळ्यात वर घाला. पाच नमुन्याचे संदेश लिहा जे चालतील, आणि पाच जे चालणार नाहीत. प्रश्नोत्तरांच्या वेबसाइट चालवणाऱ्या स्टॅक एक्स्चेंजवाल्यांनी २०१०मध्ये नव्या विषयांसाठी ‘एरिया ५१’ सुरू केलं तेव्हा हेच मागितलं होतं : मत नंतर द्या, आधी नमुन्याचे प्रश्न मांडा आणि कुठला विषयात बसतो ते ठरवा. तुमची खरी कसोटी कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून लागेल. धरणाची उंची हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा विषय आहे आणि त्यावर बोलायलाच हवं, पण पाणी ४३ फुटांवर असताना त्या ग्रुपवर नको. हे आत्ता लिहून ठेवलंत तर त्या रात्री कुणाला गप्प करावं लागणार नाही.

एरिया ५१ची दुसरी पायरी मला याहून मोलाची वाटते. तिथे नुसतं ‘आवडलं’ म्हणून भागत नसे. मी येईन, लिहीन, उत्तरं देईन, असं नावानिशी कबूल करणारी २०० माणसं लागत. तुम्हाला २०० नकोत. ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ असं सेटिंग ठेवून रात्रीच्या पाळ्या वाटून घेणारी आठ-दहा माणसं मिळाली तरी ग्रुप चालेल. ती नावं पोलच्या आधी जाहीर करा. नावंच मिळाली नाहीत, तर ३०० ‘हो’ आले तरी काढू नका. लोक त्यावर विसंबून घरात थांबतील आणि आकडा टाकायला कुणी जागं नसेल.

मत कुणाचं, हेही ठरवा. २०१९ आणि २०२१ मध्ये ज्यांच्या दारात पाणी आलं, त्या गल्ल्यांचं मत मी वेगळं मोजेन आणि त्यालाच वजन देईन. उंचावरच्या घरांनी सल्ला जरूर द्यावा. पण त्यांच्या ‘नाही’ने नदीकाठचा ग्रुप अडू नये.

आणि त्या दोन घरांचं. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, आपल्याकडे तेच मनाला लागतं. काकांनी स्वतः ‘नाही’वाल्या घरी जावं, चहा घ्यावा आणि विचारावं की तुमची भीती नेमकी कसली. बहुतेक उत्तर येईल, ‘जुना ग्रुप ओस पडेल.’ ही भीती खरी आहे. त्या ग्रुपवर दहा गल्ल्या एकमेकांना ओळखू लागल्या. तो चालू राहणार, हे लेखी द्या.

प्रश्न : आमचा तासगाव तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांचा ग्रुप आहे. बेदाण्यासाठी वेगळा ग्रुप काढायचा यावर मतदान ठेवलं होतं. आदल्या रात्री पन्नासेक नवे नंबर ॲड झाले, त्यातले बरेच औषध दुकानांतली पोरं. सकाळी ‘हो’ जिंकलं. हे मत धरायचं का?
— एक बागायतदार, ता. तासगाव

उत्तर : नाही धरायचं. मतदान जाहीर झाल्या दिवशी जे सभासद होते, तेवढ्यांचंच मत. हे आधी सांगितलं नव्हतं म्हणून कुणी अडून बसेल, तरी ठाम राहा आणि नव्याने घ्या. यूजनेटवर निकालाबरोबर मतदारांची नावं, ईमेल आणि कुणी काय मत दिलं याची यादी छापली जायची. पुढचे पाच दिवस कुणालाही हरकत घेता यायची. खोटी मतं तिथेही पडायची, पण यादी सगळ्यांसमोर असल्याने ती सापडायचीही. तुम्हीही मत देणाऱ्याने गाव आणि बागेचं क्षेत्र लिहावं असं ठेवा. दुकानदारांशी वैर नको, डावणी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांच्या दिवसांत त्यांचीच मदत होते. पण बागायतदारांचा ग्रुप निघावा की नाही, हे विकणाऱ्याने ठरवू नये.

बेदाण्याचं वेगळं काढावं का, यावर मला मतदानापेक्षा चांगली वाट माहीत आहे. विकिपीडियाच्या नव्या भाषांच्या आवृत्त्या एके काळी मतांवर ठरायच्या. मतं भरपूर पडायची, लिहायला कुणी यायचं नाही. पुढे ती पद्धत सोडली. आता आधी इन्क्युबेटर नावाच्या प्रायोगिक जागेत लेख लिहून दाखवायचे. आपल्या शेजारची कोकणी तिथे बरीच वर्षं होती, लोक चिकाटीने लिहीत राहिले आणि २०१५मध्ये तिचा स्वतंत्र विकिपीडिया सुरू झाला.

तुमचं काम तर हंगामीच आहे. फेब्रुवारी ते एप्रिल शेडवर माल असतो, तेव्हाच डिपिंग, अवकाळी पाऊस, सौद्यातला दर, कोल्ड स्टोरेज यांचे प्रश्न उसळतात. त्या तीन महिन्यांपुरता ग्रुप काढा. एप्रिलअखेर बघा की शेडवरच्या लोकांनी रोज काही लिहिलं का, की नुसत्या जाहिराती आल्या. खरड छाटणीच्या वेळी सगळे तसेही बागेतच असणार. ग्रुप ठेवायचा की बंद करायचा, ते तेव्हा कुणाला विचारावंही लागणार नाही.

प्रश्न : मी साताऱ्यात कॉलेजला आहे. आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधून गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांची नोंद करणारा वेगळा ग्रुप आम्हा काही जणांना काढायचाय. सीनियर म्हणतात, मतदान घ्या. एका बटणात ग्रुप निघतो, मग मतदान कशाला?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : काढ ग, खुशाल काढ. विषय इतका छान आहे की मलाच हेवा वाटला.

यूजनेटवरही हे झालं होतं. १९८७च्या सुमारास सगळ्या ग्रुपांची नावं बदलून ठरावीक विभागांत बसवली, तेव्हा ब्रायन रीड नावाच्या गृहस्थांना आपला पाककृतींचा ग्रुप जिथे टाकला ते पटलं नाही. त्यांनी जॉन गिलमोर आणि गॉर्डन मॉफेट यांना बरोबर घेऊन ‘ऑल्ट’ हा निराळाच विभाग सुरू केला. तिथे ग्रुप काढायला मतदान लागत नसे. खूप कचरा झाला, आणि खूप चांगले ग्रुपही तिथेच निघाले. मुख्य विभागांतलं मतदानही पुढे बंद पडलं. २००५-०६ पासून एक मंडळ चर्चा ऐकून निर्णय घेऊ लागलं. रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर तर २००८ पासून कुणीही ग्रुप काढतं.

सीनियरना विचारायचं ते दोनच बाबतींत : जुन्या ग्रुपचं नाव लावणार असशील तर, आणि त्यांच्या यादीतले नंबर उचलणार असशील तर. दोन्ही टाळ. नाव टाक्यांवरूनच ठेव. नंबर परस्पर ॲड करू नकोस, जुन्या ग्रुपवर आमंत्रणाची लिंक टाक, ज्याला यायचं तो येईल. पहिल्या दिवशी अजिंक्यताऱ्यावरच्या एखाद्या टाक्याची नोंद तूच टाक : फोटो, तारीख, पाणी किती खोल, पिण्याजोगं वाटतं का, आत प्लॅस्टिक पडलंय का. पुढे येणारे तीच नोंद बघून लिहितील.